एक मांजर आणावं की दोन? आणि पाचांतलं नेमकं कुठलं?

उंबरठा:
ओळखीच्या एकांच्या जिन्याखाली मांजरीने पाच पिल्लं घातली आहेत. आज पाच आठवड्यांची झाली. मला मांजर हवंच आहे, पण घरी मी एकटा आणि रोज नऊ-दहा तास बाहेर. बघायला गेलो तर सगळे एका सुरात म्हणाले, "एकटं कंटाळेल, दोन न्या." मला पटत नाही. मांजर काही कळपातलं जनावर नव्हे, उंदीर मारायला ते चौघांना सोबत घेऊन जात नाही. दिवसाचे बारा-चौदा तास झोपणाऱ्या प्राण्याला सोबत हवीच, असं म्हणणं म्हणजे आपलं एकटेपण त्याच्या गळ्यात बांधणं.

एक पिल्लू तिरंगी आहे, ते थेट माझ्या बुटाच्या नाडीला लोंबकळलं. एक पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, सगळ्यांचा जीव त्याच्यावर. दोन करडी एकमेकांत गुंतून झोपलेली. आणि एक काळं, जे तासभर खोक्यामागून बाहेरच आलं नाही. माझं मन त्याच्यात अडकलंय. मत द्या, भांडलात तरी चालेल.

घोट्यावर ओरखडे:
भांडतेच मग. हाच तर्क लावून मी एकच पिल्लू आणलं होतं. किती जोरात चावायचं हे पिल्लं एकमेकांकडून शिकतात. जास्त चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ मोडतो, पुढच्या वेळी दात हलके लागतात. माझ्या पिल्लाला हे शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने माझे घोटे वापरले. रात्री तीनला, पांघरुणातून. तुम्ही बारा-चौदा तास झोप मोजलीत, पण तुम्ही घरी दमून याल तेव्हा ते दिवसभर झोपून ताजंतवानं असेल, हे मोजलं नाहीत. दोन आणा, एकाच वेतातली. दुसरं वर्षभराने आणू म्हणालात तर तेव्हाचं जुळवणं फार अवघड.

दोन बोके एक घर:
'एकाच वेतातली' हा मंत्र मीही जपला होता. दोन सख्खे भाऊ, तीन वर्षं एकाच उशीवर. मग एकाला डॉक्टरकडे न्यावं लागलं. परत आला तो औषधांच्या वासाचा, आणि दुसरा त्याच्यावर असा फिसकारला की जणू परकाच घुसलाय. वेगळ्या खोल्यांत ठेवले, एकाचं फडकं दुसऱ्याला हुंगायला दिलं, सगळं केलं. पूर्वीसारखं काही झालं नाही. आणि मांजरांचं भांडण म्हणजे आरडाओरडाच असतो असं नाही. एक बोका दारात पाय पसरून नुसता बसतो आणि दुसरा शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या खोक्याकडे जायचंच टाळतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद, तिथे अडथळा झाला तर जिवाशी खेळ. घरात दोन असली की कोण मुतलं नाही हेही लवकर लक्षात येत नाही. एकच आणा.

खोकेवाली मावशी:
आई टाकून गेलेली पिल्लं सांभाळून मोठी करते, त्यामुळे थोडं लांबेल.

उंबरठा, 'कळपातलं नव्हे' हे अर्धंच खरं आहे. शिकार एकट्याने, हे बरोबर. पण जिथे खाणं मुबलक तिथे नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लं पाजतातसुद्धा. आणि 'दोन बोके', तुमच्याकडे त्या दोघांत मातीचे खोके किती होते? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन म्हणजे त्यांच्या लेखी एकच.

आता पिल्लांचं. पाच आठवड्यांचं पिल्लू कुणीही उचलायचं नाही. निदान आठ, जमलं तर बारा आठवडे आईपाशी राहू द्या. निळ्या डोळ्यांवर भाळू नका, या वयात पाचांचेही डोळे निळसरच असणार, खरा रंग पुढे उतरतो. पांढऱ्याचे मात्र निळेच राहिले तर बहिरेपणाची शक्यता बरीच असते. मागून, त्याला दिसणार नाही असा, किल्ल्यांचा आवाज करून बघा. बहिरं मांजरही उत्तम जगतं, पण घरातच ठेवावं लागतं. तिरंगी जवळपास नक्की मादी. मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि सख्ख्या भावाला नातं कळत नाही, तेव्हा दोन नेलीत तर दोघांच्याही नसबंदीचं वेळेत बघा.

उन्हातली खिडकी:
पण पिल्लूच का? पिल्लाचा स्वभाव म्हणजे बंद मूठ. चार वर्षांचं मांजर कसं आहे ते समोर दिसतं: मांडीवर बसतं की नाही, दुसरं मांजर खपवून घेतं की नाही, एकटं राहतं की नाही. नऊ तास बाहेर असणाऱ्याला शांत, वयात आलेली एकच भाटी पुरेशी आहे. आणायच्या आधी मांजरांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) विषाणूसाठी रक्त तपासून घ्या, झालं. पिल्लांना घर मिळतंच, मोठ्यांना कोण विचारतो?

दोन बोके एक घर:
+१. आणि त्या काळ्याची दया येते म्हणून त्याला आणू नका. घाबरट पिल्लू पुढे पलंगाखालीच आयुष्य काढतं. नाडीला लोंबकळलेलंच घ्या.

खोकेवाली मावशी:
इथे कडाडून विरोध! एका तासावरून 'घाबरट' ठरवलंत? माणसाची सवय लागायचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. म्हणजे अजून दोन आठवडे हातात आहेत. रोज जा, जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावू नका, हात पुढे करू नका. तो आपणहून आला नाही तर मग बोलू.

उंबरठा:
दहा दिवसांनी येतोय. रोज जातो. चौथ्या दिवशी काळ्याने खोक्याआडून बोट हुंगलं, काल गुडघ्यावर चढला (तो बोका निघाला). पण एक गोष्ट मी आधी पाहिलीच नव्हती. ती तिरंगी दंगा करून दमली की खोक्यामागे त्याच्याच अंगावर जाऊन झोपते. ती बाहेर आली की तिच्या मागून तो येतो. करड्यांची जोडी सगळ्यांना दिसली, ही कुणाला दिसलीच नाही.

तेव्हा माझं मत मागे घेतो, पण अर्धंच. कुठलीही दोन आणा हे अजूनही पटत नाही. ही दोन मात्र नेतोय, बारा आठवडे भरल्यावर. 'खिडकी', तुमचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, फक्त गुडघ्यावर आधी हा चढला.

दोन बोके एक घर:
दोन मांजरं म्हणजे मावशींच्या हिशोबाने तीन खोके. एकट्याच्या घरात ठेवणार कुठे?

उंबरठा:
एक न्हाणीघरात, एक गॅलरीत. तिसऱ्यासाठी बुटांचं कपाट हलवतोय.