मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क फिल्टरचं डॉक्युमेंट तपासतोय, उदाहरण बरोबर दिसतं पण पोर्ट बंदच होत नाहीत

खांडेपारकाठी

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी कंत्राटावर सांभाळतो. दोन होस्ट मशीन आहेत, त्यांवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट (एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर), आणि विद्यार्थ्यांसाठी चाळीसेक व्हर्च्युअल मशीन. कुठल्या मशीनने कुठल्या पोर्टवर बोलायचं हे लिबव्हर्टच्या नेटवर्क फिल्टरने आवरायचं असं ठरलं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने त्यासाठी पायथनमध्ये छोटी लायब्ररी लिहिली आणि ती कशी वापरायची याचं २६ पानांचं डॉक्युमेंटही. ते तपासायचं काम माझ्या गळ्यात. चवथीला ती काणकोणला घरी जाणार, म्हणजे पुढचे आठ दिवस फोन लागला तरी मागे आरतीच ऐकू येणार. शेरे त्याआधी द्यायचे आहेत.

अडलंय ते दोन ठिकाणी.

पान ७ वर ती लिहिते की नियमातली दिशा, म्हणजे इन आणि आउट, ही नेहमी गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, बाजूने वाचायची. इन म्हणजे व्हर्च्युअल मशीनकडे येणारं पॅकेट, आउट म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारं. मी मशीनला क्लीन-ट्रॅफिक (खोटे पत्ते अडवणारा, लिबव्हर्टसोबतच येणारा) फिल्टर लावून होस्टवर ईबीटेबल्सचे (आयपीच्या खालच्या पातळीवर पॅकेट गाळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचे) नियम काढून पाहिले, तर आउटचे नियम 'लिबव्हर्ट-आय-व्हीनेट०' नावाच्या चेनमध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, बसलेले. आय म्हणजे इनच ना? म्हणून मी लाल पेनाने 'दिशा उलटी लिहिली आहे' असा शेरा मारला.

पान १९ वर उदाहरण आहे: फक्त पोर्ट २२ ला आत येऊ द्या, बाकी सगळं टाका. टीसीपीचा एक नियम, दिशा इन, डेस्टिनेशन पोर्ट २२, ॲक्शन ॲक्सेप्ट. त्याखाली 'ऑल'चा नियम, दिशा इनआउट, ॲक्शन ड्रॉप. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण लॅबमधल्या मशीनला लावलं तर पोर्ट ८० सुद्धा सताड उघडं! फिल्टर डिफाइन होतो, मशीन चालू होतं, एरर काही नाही. मी शेरा मारला, 'उदाहरण चुकीचं, चालत नाही.' ती म्हणते, 'सर, माझ्या घरच्या लॅपटॉपवर चालतं. दोन मशीन एकमेकांशी बोलवून बघितली.' करून दाखवलं, आणि खरंच चाललं. मग मी गप्प.

(इथल्या एडिटरमध्ये रोमन अक्षरं टाकली की अर्धा मजकूर गायब होतो, म्हणून आज्ञासुद्धा देवनागरीत लिहितोय. वाचताना मनात उलटं करून घ्या.)

---

उंडेखाऊ

पहिलं आधी, कारण ते सोपं आहे आणि त्यात तुम्ही चुकलात. पान ७ बरोबर आहे. फिल्टर ज्यात लिहितात त्या एक्सएमएलमधली दिशा गेस्टच्याच बाजूने असते. चेनचं नाव मात्र होस्टच्या बाजूने दिलेलं आहे. गेस्टने बाहेर सोडलेलं पॅकेट व्हीनेट०मधून (होस्टवरचं त्या गेस्टचं आभासी कार्ड) होस्टमध्ये *आत* शिरतं, म्हणून ती चेन आय. आयपीटेबल्समध्येही (लिनक्सचा नेहमीचा फायरवॉल) तेच: एफआय-व्हीनेट० मध्ये गेस्टकडून आलेलं, एफओ-व्हीनेट० मध्ये गेस्टकडे जाणारं. घरातला माणूस 'बाहेर जातो' म्हणतो तेव्हा रस्त्यावरचा 'आला' म्हणतो, तसलं प्रकरण.

शेरा खोडा, पण पानावर एक ओळ वाढवायला सांगा: होस्टवर नियम तपासताना चेनची नावं उलटी दिसतील. तुमच्यासारखा माणूस फसला तर लॅबमधला सहायक नक्की फसणार.

दुसऱ्याबद्दल विचारतो. तुमचा ब्रिज, म्हणजे मशीनना खऱ्या नेटवर्कशी जोडणारा होस्टवरचा आभासी स्विच, कसा बांधलाय? आणि डॉक्युमेंटमध्ये ब्रिजबद्दल काही लिहिलंय का?

---

खांडेपारकाठी

उंडेखाऊ बाब, देव बरें करूं. आय-ओ चं डोक्यात बसलं.

ब्रिज साधा आहे, बीआर०, त्यात होस्टचं खरं नेटवर्क कार्ड. पान ४ वर 'होस्टची तयारी' असं प्रकरण आहे. ब्रिज बांधा, मग सिस्कंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाईलमध्ये तीन ओळी घाला: ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स शून्य, आयपी६टेबल्सवाली शून्य, एआरपीटेबल्सवाली शून्य. ते प्रकरण मी गेल्या महिन्यातच तपासून 'ठीक' म्हणून सही केली होती. दोन्ही होस्ट त्याप्रमाणेच लावलेत.

---

उंडेखाऊ

मिळालं! पान ४ आणि पान १९ एकमेकांच्या मुळावर आलेत.

लिबव्हर्टचा फिल्टर हा एकच दरवाजा नाही, दोन आहेत. मॅक, व्हीलॅन, एआरपी, आणि 'आयपी' नावाच्या घटकातले नियम ईबीटेबल्सकडे जातात. ते ब्रिजच्या पातळीवर चालतात आणि कुणाला विचारत नाहीत. टीसीपी, यूडीपी, आयसीएमपी, ऑल हे घटक आयपीटेबल्सकडे जातात. पण ब्रिजवरून सरळ पलीकडे जाणारं पॅकेट आयपीटेबल्सकडे आपणहून येत नाही. कर्नलला सांगावं लागतं की ब्रिजवरचीही पॅकेट तिकडे दाखव. ते सांगणारा आकडा म्हणजेच ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स. तो तुम्ही शून्य केलात. नियम लिहिले गेले, चेनमध्ये दिसतात, पण त्यांच्यासमोरून कुणी जातच नाही. शेजारच्या गल्लीत नाकाबंदी लावल्यासारखं.

म्हणूनच तुमचं क्लीन-ट्रॅफिक चालतं, कारण ते ईबीटेबल्सवर उभं आहे, आणि पोर्टचं उदाहरण चालत नाही.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असणार, पैज लावतो. डॉकर बऱ्याचदा बीआर_नेटफिल्टर मॉड्यूल चढवतं, आणि ते चढलं की हा आकडा मुळात १ असतो.

तिला दोष देऊ नका. शून्य करण्याचा सल्ला तिने घरून आणलेला नाही. ब्रिज बांधण्याच्या लिखाणात तो वर्षानुवर्षं फिरतोय, लिबव्हर्टच्या स्वतःच्या विकीवरही होता. फक्त ब्रिज हवा असेल तर तो सल्ला बरोबरच, उगाच प्रत्येक पॅकेट आयपीटेबल्समधून कशाला फिरवा? पण फिल्टर वापरणाऱ्याने तो पाळला की अर्धा फिल्टर मुका होतो.

लिबव्हर्टचा लॉग बघितलात का?

---

खांडेपारकाठी

नव्हता बघितला. आत्ता बघितला. 'व्हीएमसाठी आयपीटेबल्स फिल्टरिंग चालू करायचं असेल तर अमुक फाईलमध्ये १ लिहा' अशी वॉर्निंग मशीन चालू केल्याच्या वेळेला स्वच्छ पडलेली आहे. तीन आठवडे.

आणि हो, लॅपटॉपवर डॉकर आहे. पैज तुमची.

आकडा १ केला. मशीन बंद-चालू न करताच पोर्ट ८० मेलं, २२ जिवंत. काल रात्री फोंड्यात पावसाने लाईट गेली, यूपीएसने हात टेकले, होस्ट परत उठलं आणि आकडा परत शून्य. अर्थात, फाईलमध्ये शून्यच लिहिलंय. आता फाईल बदलली, आणि मॉड्यूल बूटच्या वेळी चढावं म्हणून त्याचं नाव मॉड्यूल्स-लोडच्या फोल्डरमध्येही घातलं. ३.१८ पासूनच्या कर्नलमध्ये ते वेगळं मॉड्यूल झालंय हे मला माहीतच नव्हतं. चढलेलं नसेल तर ती फाईलच दिसत नाही, मग १ लिहिणार कुठे?

---

म्हापसा_शुक्रवार

उशिरा आलो, बाजाराचा दिवस. उदाहरण सुटलं ते बरं झालं, पण रिव्ह्यू तेवढ्यावर संपवू नका. असल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं सहसा बरोबरच असतं, घोटाळा न लिहिलेल्यात असतो. मी असतो तर हे विचारलं असतं.

तिच्या लायब्ररीत फिल्टर बदलायचं फंक्शन आहे का? आतून ते बहुतेक डिफाइन-एक्सएमएललाच हाक मारत असेल. त्याच नावाचा फिल्टर आधी असेल आणि नव्या एक्सएमएलमध्ये यूयूआयडी (फिल्टरचा एकमेव ओळखक्रमांक) नसेल तर लिबव्हर्ट नवा यूयूआयडी बनवतो आणि मग स्वतःच 'या नावाचा फिल्टर आधीच आहे' म्हणून भांडतो. आधी जुन्या एक्सएमएलचा डम्प काढायचा, त्यातला यूयूआयडी ठेवायचा, मग डिफाइन करायचं. शिवाय बदल झाला की तो फिल्टर वापरणाऱ्या सगळ्या *चालू* मशीनना तो लगेच लागू होतो. हे ठळक लिहायला सांगा. प्रॅक्टिकल चालू असताना कुणी फिल्टरशी खेळलं तर चाळीस मुलं एकदम हात वर करतील.

काढून टाकण्याचं काय लिहिलंय? चालू मशीन वापरत असेल तर अनडिफाइन होत नाही, एरर येतो, हे एवढंच लिहिलं असेल. पण *बंद* मशीन त्या फिल्टरचं नाव घेऊन बसलं असेल तर लिबव्हर्ट अडवत नाही. फिल्टर जातो, आणि सोमवारी ते मशीन चालूच होत नाही. मी हे केलंय. साहेबासमोर केलंय.

तिसरं, 'आयपी' घटकात प्रोटोकॉल टीसीपी लिहिणं आणि सरळ 'टीसीपी' घटक लिहिणं या दोन गोष्टी तिने शेजारी-शेजारी ठेवून समजावल्यात का? दिसायला सख्ख्या बहिणी, पण पहिलीला कनेक्शनची आठवण नसते. पान १९ वरचं उदाहरण उत्तराची पॅकेट आपोआप जाऊ देतं, कारण आयपीटेबल्स कनेक्शन ओळखून ठेवतं. तेच कुणी 'आयपी' घटकाने लिहिलं तर उत्तरासाठी उलट्या दिशेचा नियम हाताने लिहावा लागतो, नाहीतर एसएसएच (पोर्ट २२ वरचं दुरून लॉगिन) नुसतं लटकून राहतं.

प्रायॉरिटीचा लहान आकडा आधी चालतो, न दिल्यास ५००. हे असेलच लिहिलेलं.

आणि तिने आयपी पत्ता न देता क्लीन-ट्रॅफिक वापरायला सांगितलं असेल तर बघा: लिबव्हर्ट गेस्टच्या वाहतुकीतून पत्ता स्वतः शिकतो आणि मशीन बंद होईपर्यंत त्यालाच धरून बसतो. विद्यार्थ्याने मध्येच पत्ता बदलला की नेट गेलं. सीटीआरएल_आयपी_लर्निंग हे व्हेरिएबल डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) ठेवलं तर डीएचसीपीने दिलेलाच पत्ता मानतो. लॅबसाठी मी तेच ठेवीन.

---

केबलवाली

मधेच शिरते. आकडा १ करण्याआधी त्या होस्टवर डॉकर नाही ना, हे बघा. डॉकर आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड चेनचं धोरण ड्रॉप करून ठेवतो. आकडा शून्य असेपर्यंत ब्रिजवरच्या मशीनना त्याची झळ नसते. १ झाला की त्यांची पॅकेटही त्याच चेनमधून जायला लागतात आणि सगळ्या मशीनचं नेट एकदम जाऊ शकतं. आमच्याकडे मडगावला भर दुपारी गेलं होतं, आणि दोष केबलला, म्हणजे मला.

---

खांडेपारकाठी

म्हापसा बाब, तुमच्या यादीतलं यूयूआयडीचं तिने लिहिलंय, बाकीचं नाही. बंद मशीनचं मी मुद्दाम करून बघितलं. फिल्टर निमूट गेला आणि मशीन चालू करताना 'असा फिल्टर नाही' म्हणून अडलं. ते आता पान १४ वर जाणार.

केबलवाली बाय, पहिल्या होस्टवर डॉकर नाही. दुसऱ्यावर आहे! कुणीतरी प्रोजेक्टसाठी टाकून विसरलंय. म्हणून तिथे अजून हात लावलेला नाही.

काल तिला हा धागा वाचायला दिला. लाल शेरे दोन्ही तिच्यासमोरच खोडले. पान ४ वर माझी सही आहे हे तिने दाखवलं, म्हणजे न बोलता नुसतं पान उलगडून ठेवलं. मग म्हणाली, 'सर, पान १९ अजून चुकीचंच आहे, पण तुम्ही म्हणता तिथे नाही.' शेजारच्या मशीनवरून तिने एफई८० ने सुरू होणाऱ्या (म्हणजे आयपीव्ही६ च्या) पत्त्यावर पोर्ट ८० उघडलं. पान आलं. 'ऑल' फक्त आयपीव्ही४ ला लागतो, आयपीव्ही६ साठी 'ऑल-आयपीव्ही६' वेगळा लिहावा लागतो आणि तीन ओळींतली दुसरी ओळही १ करावी लागते. हे मला सुचलं नव्हतं, आणि माफ करा, इथेही कुणाला सुचलं नव्हतं.

पान ४ आणि १९ ती एकत्रच परत लिहितेय. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणायला शनिवारी निघणार, त्याआधी देते म्हणाली.

---

उंडेखाऊ

तिला इथे खातं उघडायला सांगा.

---

केबलवाली

दुसऱ्या होस्टचं काय ठरलं? डॉकर काढणार की डॉकर-यूजर चेनमध्ये ब्रिजसाठी ॲक्सेप्ट घालणार?

---

खांडेपारकाठी

ज्याचा प्रोजेक्ट आहे तो चवथीनंतर येणार. तोपर्यंत दुसऱ्या होस्टवर फक्त क्लीन-ट्रॅफिक, आणि पोर्टचे नियम लागणारी मशीन पहिल्यावर हलवतोय. एकोणीस हलवली, चार राहिलीत.