येऊरची रानकेळ × वेलची केळ, रोप कुठून घेऊ? (बजेट ५००)

घोडबंदरचे_काका: राम राम मंडळी. तळमजल्याला राहतो, मागे दहा बाय आठ माती आहे. बँकेतून सुटलो, आता वेळच वेळ. येऊरला पावसाळ्यात कड्यावर रानकेळी दिसतात, मातीचा पत्ता नाही तरी कशा तरारतात! त्यांचा पराग वेलचीच्या केळफुलावर टाकून नवी जात करायची म्हणतोय. वेलचीचं रोप कुठे मिळेल? बजेट ५००, आणण्याच्या खर्चासकट.

गच्चीवाला_कोपरखैरणे: डोळे मिटून जी-नाईन जातीचं टिश्यू कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं रोप घ्या. मी निळ्या पिंपात लावलंय. पिंप, माती, रोप, सगळं धरून ३२००. पहिल्याच घडाला नऊ फण्या! फोटो टाकतो.

घोडबंदरचे_काका: ५०० म्हटलंय हो.

माळीण_खारघर: काका, आधी एक ऐका. येऊरची ती केळ आपल्या केळीची चुलत बहीण. तिची प्रजातीच वेगळी, एन्सेटे. तिची गुणसूत्रं १८, वेलचीची २२. तिला मुनवे, म्हणजे बुडाशी पिल्लं, फुटत नाहीत, एकदा फळली की मेली. हा संकर जमायचा नाही. शिवाय येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून काही उपटून आणू नका.

वसईचा_वाडीवाला: वेलची कसली घेता, राजेळी लावा. सुकेळी राजेळीचीच. हल्ली सुकेळी म्हणून बाजारात काय काय खपवतात! आमच्या आजीची सुकेळी वाळली की मधासारखी...

माळीण_खारघर: दादा, विषय संकराचा आहे. राजेळीत गुणसूत्रांचे तीन संच, ११ च्या हिशोबाने ३३. परागकण किंवा बीजांड बनताना जोड्या लागायला हव्यात. तिघांत जोडी लावली की एक उरतो, तिथेच घोळ. म्हणून तर केळ्यात बी नाही. बसराई, जी-नाईन सगळ्यांचं हेच.

गच्चीवाला_कोपरखैरणे: म्हणजे २२ वाली वेलची बरोबर ना मग? काकांचं बरोबरच आहे.

माळीण_खारघर: तिच्यात एक संच अ‍ॅक्युमिनाटाचा, एक बाल्बिसियानाचा. दोन वेगळ्या रानटी केळींचे, धड जुळत नाहीत. २२ असून वांझोटीच.

नेरूळची_सुगरण: केळ्यात बी नसतं कोण म्हणतं? नर्सरीतून कर्पूरवल्लीचा मुनवा आणला होता. पहिल्याच घासाला कट्! मिरीएवढं काळं बी, दाढेचं फिलिंग बाहेर. डेंटिस्टचे १८०० गेले. केळफुलाची भाजी मात्र छान होते.

माळीण_खारघर: ताई, कर्पूरवल्लीही ३३ चीच, पण जवळपास परागवाली केळ असली की तिला बी धरतं. पैदासकार असल्याच अपवादांवर जगतात. तीन संचांच्या मादीवर दोन संचांच्या रानटी नराचा पराग टाकतात, आईचे तिन्ही आणि बापाचा एक असे चार संच आलेली पिल्लं निवडतात. होंडुरासची गोल्डफिंगर जात अशीच, ४४ ची. ढीगभर फुलांमागे चार बिया, त्यांतला गर्भ काढून काचेत वाढवायचा. तेवढं करून बाल्बिसियानाच्या संचात स्ट्रीक हा केळीच्या रोगाचा विषाणू दडलेला असतो, संकरात कधी कधी जागा होतो. हे काम दहा बाय आठमधलं नाही, काका.

वसईचा_वाडीवाला: रानकेळीला मुनवे येत नाहीत, हे कुणी सांगितलं का त्यांना?

माळीण_खारघर: 🙏

नेरूळची_सुगरण: वेलचीच घ्या काका, पण लावण्याआधी कंद तासून बघा. सोंडकिड्याची भोकं असली तर परत द्या. मी बघितली नव्हती, दोन वर्षांनी झाड बुडातून कोसळलं.

घोडबंदरचे_काका: सगळ्यांचे आभार. काल नर्सरीत गेलो होतो, वेलची नव्हती. लाल केळीचं रोप ३५० ला मिळालं, हिला रंग आवडला. कंद तासून बघितला, स्वच्छ आहे. रिक्षाचे ९० गेले.

माळीण_खारघर: काका, लाल केळही ३३!

घोडबंदरचे_काका: माहीत आहे ताई. केळफूल येऊ दे, कुंचला आणून ठेवलाय.

गच्चीवाला_कोपरखैरणे: एक पिंप जास्तीचं पडलंय, ६०० ला देतो. थोडी चीर आहे.