पुण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मीटरचे कॅलिब्रेशन

प्रश्न: शेततळ्यासाठी घेतलेला मीटर कॅलिब्रेशननंतरही (ज्ञात मूल्याशी जुळवून घेतल्यावरही) 25 अंश सेल्सिअसच्या, हवेने संपृक्त गोड्या पाण्यात लिटरला 8.26 मिलिग्रॅम दाखवतो. हे योग्य आहे का?

उत्तर: नाही. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुण्याच्या सुमारे 560 मीटर उंचीवर तो 7.7 च्या आसपास हवा. आपण हवामानाच्या अ‍ॅपवरील दाब भरला असावा, जो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. त्याऐवजी जागेवरचा प्रत्यक्ष दाब, साधारण 711 मिलिमीटर पारा, भरावा.

दुसरे उत्तर: कॅलिब्रेशन करताना प्रोबच्या (मीटरच्या संवेदकाच्या) टोकावरील मेंब्रेनवरचा, म्हणजे पातळ पडद्यावरचा, थेंब अलगद टिपून, प्रोब ओला स्पंज घातलेल्या कपात, पाण्याला न टेकवता, आकडा स्थिरावेपर्यंत ठेवावा. मीटर शून्य बरोबर दाखवतो का, याची खात्री ऑक्सिजन संपवणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या ताज्या द्रावणात करावी आणि नंतर प्रोब भरपूर धुवावा.

प्रश्नकर्ता: दाब खरोखरच अ‍ॅपवरचा होता, बदलताच 7.7 आले. मनःपूर्वक आभार.