मदत हवी आहे: अण्णांच्या लेदरच्या खुर्चीवर डोकं टेकायची जागा काळी, चिकट झालीय

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०११ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली: पाय पसरून बसायची तपकिरी लेदरची खुर्ची. रोज सकाळी डोक्याला खोबरेल लावायचं आणि तिच्यात बसून पेपर वाचायचा, इतकी वर्षं हेच चाललंय. आता डोकं टेकतं तिथं वीतभर जागा काळी पडलीय. नख फिरवलं की मेणासारखा काळा थर नखात येतो. खुर्चीचा उजवा हात पश्चिमेच्या खिडकीकडे आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे ४२-४३ अंश म्हणजे रोजचंच, त्या उन्हानं तिथलं कातडं कडक होऊन बारीक भेगा पडल्यात.

त्यात परवा बैठकीवर शेंगाचटणी सांडली. मी घाईघाईत भांड्यांच्या लिक्विडनं पुसलं. डाग फिकटला, पण तेवढ्या जागेची चमक गेली. तेव्हापासून हात लावायची भीती वाटते.

शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल चोळ, मऊ होईल. एका दुकानात सांगितलं, वरून रेक्झिन चढवून घ्या. तो विषय निघाला की अण्णा उठून आत जातात. मला ती आहे तशीच टिकवायची आहे. चिकटा कसा काढू? भेगांना काय लावू? आणि हे खरं लेदरच आहे ना, हे घरी कसं कळेल? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी सोफे-खुर्च्यांचंच काम करतो. खोबरेल अजिबात नको. डोक्याच्या तेलानं आणि घामानंच तो वरचा थर सैल झालाय, त्यात आणखी तेल कशाला?

आधी खुर्ची उलटी करून खालची कापलेली कड बघा. आतून केसाळ, धागे सुटल्यासारखं दिसलं तर कातडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. मग मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. वरच राहिला तर रंगाचा पक्का थर आहे. मुरून डाग गडद झाला तर पुसायचं काम स्वतः करू नका.

थर पक्का असेल तर लेदर क्लीनर आणा. साबण, व्हिनेगर, भांड्यांचं लिक्विड नको. लेदर जरासं आम्लधर्मी असतं, साबणानं कोरडं पडतं. क्लीनर आधी मागच्या बाजूला लावून बघा. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग राहतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. फडकं नुसतं ओलसर हवं. काळ्या जागेवर हलक्या हातानं, थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत करा. फडक्याला तपकिरी रंग लागला की तिथंच थांबा. चटणीच्या तेलावर टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी झटका.

भेगा क्रीमनं बुजत नाहीत. क्रीमनं पुढच्या भेगा उशिरा पडतात, एवढंच. बुजवायच्या तर फिलर, म्हणजे भेगा भरायची पेस्ट, भरून रंग द्यावा लागतो. खुर्ची खिडकीपासून लांब सरकवा, कूलरचा झोतही सरळ नको. आणि डोक्याखाली आपला सोलापुरी टॉवेल टाका, पांढराच. रंगीत चादरीचा रंग घामानं कातड्याला लागतो.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. खालची कड केसाळच निघाली. थेंब दहा मिनिटं तसाच वर होता. पांढरा टॉवेल आजच टाकलाय, अण्णांनी तो दोनदा सरळ करून घेतला. क्लीनर आणते. हाताच्या भेगांना फिलर भरून रंग देणारं कुणी सोलापुरात घरी येऊन काम करतं का?