मदत हवी आहे: किल्ल्यांच्या यादीत पेढे येतायत!

गडवेडा_पायथन: किल्ला आणि त्याचा जिल्हा अशा जोड्या संगणकाने मजकूर वाचून स्वतः शिकाव्यात म्हणून प्रोग्रॅम लिहिलाय. पहिली फेरी झकास. नंतर 'कंदी पेढे, सातारा' किल्ल्यांत जाऊन बसले, मागोमाग बाकीची मिठाई. थ्रेशोल्ड (जोडी स्वीकारायला लागणारी किमान खात्री) वाढवला, उपयोग शून्य. सोमवारी प्रोजेक्टच्या गाइडना दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

तांबडा_दिवा: मजकूर कुठला? सुरुवातीला काय दिलंत? प्रोग्रॅम कुठला साचा पकडतोय? काहीच लिहिलं नाहीये.

गडवेडा_पायथन: मराठी विकिपीडिया आणि जुन्या-नव्या बातम्या. राजगड-पुणे, प्रतापगड-सातारा अशा मोजक्या जोड्या दिल्या. 'सातारा जिल्ह्यातील प्रसिद्ध अमुक' हा साचा त्यानेच शोधला.

तांबडा_दिवा: मग दुखणं तिथेच आहे. 'प्रसिद्ध'पुढे किल्लाही येतो नि पेढाही. पेढा एकदा आत शिरला की त्याच्याभोवतीचे साचेही शिरतात. याला सिमँटिक ड्रिफ्ट म्हणतात. कार्नेगी मेलनमध्ये टॉम मिचेल यांच्या गटाने 2010 मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला, तो रात्रंदिवस वेब वाचायचा. त्याने इंटरनेटच्या कुकीज (वेबसाइट आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत टाकल्या आणि कुकीजसारख्याच फायलीही 'डिलीट' होतात म्हणून त्याही तिथेच! त्यांचा उपाय असा: अनेक वर्ग (म्हणजे गोष्टींचे प्रकार) एकत्र शिकवायचे आणि परस्परविरोधी दोन वर्गांत एकच नाव जाऊ द्यायचं नाही. तुम्हीही 'खाद्यपदार्थ' वर्ग द्या.

सरळमार्गी: एवढा खटाटोप कशाला? चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलला परिच्छेद द्या, जोड्या मागा.

तांबडा_दिवा: आणि मजकुरात नसलेली जोडी त्याने ठोकून दिली तर?

सरळमार्गी: जोडीसोबत मूळ वाक्य मागा, ते मजकुरात जसंच्या तसं आहे का हे कोडने तपासा. नसेल तर जोडी बाद.

विदागार: विकिडेटावर (विकिपीडियाच्या परिवारातला खुला माहितीसाठा) किल्ल्यांची माहिती तयार आहे, उतरवून घ्या.

गडवेडा_पायथन: तयार यादी नकोय हो, वाचून शिकवायचंय!

कोकणकडा: जिल्हेही सांभाळा. रायगड किल्लाही आहे नि जिल्हाही, आणि 1981 आधी त्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. कुलाबा पुन्हा अलिबागचा किल्ला! सिंधुदुर्ग 1981 मध्येच रत्नागिरीतून वेगळा झाला. वसईचा किल्ला जुन्या बातमीत ठाणे जिल्ह्यात, 2014 नंतरच्या बातमीत पालघरमध्ये. दोन्ही बातम्या आपापल्या जागी बरोबरच. तारखा ठेवल्यात का?

गडवेडा_पायथन: तारीख फाइलच्या नावातच आहे.

कोकणकडा: मग ती प्रत्येक जोडीला चिकटवा. आणि 'साताऱ्यातील', 'साताऱ्याच्या' यांचं मूळ रूप 'सातारा' होतंय ना? नाहीतर निम्मी वाक्यं हातची जातील.

भटक्या_विमुक्त: वसईला जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. दुपारी मात्र नको.

गडवेडा_पायथन: 'खाद्यपदार्थ' टाकून चालवलं, पेढे गेले! पण कास पठार अजून किल्ल्यांत आहे. 'ठिकाण' असा वर्ग करू?

तांबडा_दिवा: अजिबात नको, किल्लाही ठिकाणच की. पठार, धबधबा, मंदिर असे वेगळे वर्ग द्या. आणि 'प्रसिद्ध'वाल्या साच्यातून आलेलं नाव लगेच घेऊ नका. त्याच नावाजवळ दुसरीकडे कुठे तटबंदी, बुरूज किंवा किल्लेदार सापडला तरच घ्या.