दुसरा चार्ल्स ते तिसरा विल्यम: राजा आणि पार्लमेंट यांचं भांडण नेमकं कशावरून?

डिचोलीकर
नमस्कार. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. इंग्लंडची १६८८ची रक्तहीन क्रांती आणि १६८९ची हक्कांची सनद एवढं आम्हाला पाठ आहे. पण १६६० साली ज्यांनी दुसऱ्या चार्ल्सला वाजतगाजत गादीवर परत आणलं, तेच वीस वर्षांत त्याच्याशी का भांडू लागले? आणि १६८९ नंतर राजा पुन्हा डोईजड का झाला नाही? एका कागदाला घाबरून तो गप्प बसला, हे पटत नाही.

पर्वरीहून
मूळ धर्मात आहे. १६७३च्या टेस्ट अॅक्टने कॅथलिकांना सरकारी पदं बंद झाली, तेव्हा चार्ल्सच्या भावाने, जेम्सने, नौदलाचं प्रमुखपद सोडलं आणि तो कॅथलिक झाल्याचं जगजाहीर झालं. त्याला गादीपासून दूर ठेवणारं विधेयक राजाचा विरोधक शाफ्ट्सबरी आणि मंडळींनी १६७९ ते १६८१ पुन्हा पुन्हा आणलं. व्हिग (विधेयकाच्या बाजूचे) आणि टोरी (विरोधातले) ही पक्षांची नावं त्याच धुमाळीतली.

निवृत्त मास्तर, फोंडा
पर्वरीच्या मित्रांचं बरोबर आहे, धर्माशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. पण मी हायस्कूलात इतकी वर्षं इतिहास शिकवला, आणि तिजोरीचा भाग वगळून पुस्तक थेट सनदेवर उडी मारतं याची चुटपुट मला आजही लागते.

आपल्याला जवळचं उदाहरण घ्या. १६६२ मध्ये चार्ल्सचं पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न झालं आणि आंदणात मुंबई व उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर ठरलं. मुंबई प्रत्यक्ष हातात यायला १६६५ उजाडलं, कारण गोव्यातला पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) आंतोनियु द मेलु इ काश्त्रु ती सोडायला राजी नव्हता. १६६८ मध्ये चार्ल्सने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजियर मात्र गळ्यात राहिलं. तिथली शिबंदी, तटबंदी, समुद्रात घातलेला मोठा धक्का, सगळाच खर्च. १६८० साली चार्ल्सने त्यासाठी पैसे मागितले. पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, कॉमन्सने, सांगितलं, आधी जेम्सचा वारसा रद्द करा. भावाचा हक्क सोडायला चार्ल्स तयार झाला नाही. शेवटी १६८४ मध्ये तो धक्का सुरुंगांनी उडवून इंग्रजांनी टँजियर सोडलं.

आता पुढचं बघा. मार्च १६८१ मध्ये ऑक्सफर्डला भरवलेलं पार्लमेंट त्याने आठवड्यात बरखास्त केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी १६८५ पर्यंत, दुसरं बोलावलं नाही. हे जमलं कशावर? फ्रान्सचा चौदावा लुई गुपचूप पैसे पाठवत होता आणि व्यापार वाढल्याने जकातही भरभरून येत होती.

जेम्स गादीवर आला तेव्हा पार्लमेंटने मोठी चूक केली. त्याला ते उत्पन्न तहहयात देऊन टाकलं. मग त्याने सैन्य वाढवलं, त्यात कॅथलिक अधिकारी नेमले. नोव्हेंबरात सभासदांनी कुरकुर केली, तर अधिवेशन तहकूब करून टाकलं. ते पार्लमेंट पुन्हा भरलंच नाही. आपल्या देवस्थानात महाजनांनी मुखत्याराला जन्मभरासाठी खर्चाची मोकळीक दिली, तर पुढच्या वर्षी तो त्यांची सभा कशाला बोलावील?

१६८८च्या क्रांतीत जेम्स पळाला आणि त्याचा जावई विल्यम गादीवर आला. १६८९ नंतर ही चूक कोणी केली नाही. विल्यमला १६९० मध्ये जकात फक्त चार वर्षांपुरती मिळाली. तो चिडला, पण घ्यावीच लागली. सैन्यात शिस्त राखण्याचा म्युटिनी अॅक्ट १६८९ मध्ये थोड्या महिन्यांच्या मुदतीचाच केला आणि तो पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथे दिसतं.

डिचोलीकर
सर, मग सनदेला किंमतच नाही का?

निवृत्त मास्तर, फोंडा
आहे, फार आहे. पार्लमेंटच्या संमतीविना शांततेच्या काळात सैन्य ठेवायचं नाही, कर घ्यायचा नाही, सभागृहातल्या भाषणासाठी कुणाला बाहेर जाब विचारायचा नाही, हे सगळं त्यात लिहिलं. पण एक कलम नीट वाचा. पार्लमेंट ‘वारंवार’ भरवावं म्हटलंय, किती वर्षांनी ते नाही. तीन वर्षांची मर्यादा १६९४च्या कायद्याने आली, आणि त्याआधी १६९३ मध्ये विल्यमने तसंच विधेयक नामंजूर केलं होतं. पुढच्या वर्षी नमला, कारण फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि पैशांशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नव्हतं. बँक ऑफ इंग्लंड त्याच १६९४ची. तिने सरकारला १२ लाख पौंड कर्ज दिलं, आणि कर्जफेडीची हमी पार्लमेंटने बसवलेल्या करांची होती. परीक्षेत या तीन गोष्टी जोडून लिहा.

म्हादईकाठ
मास्तर, आपल्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालात तेव्हा असं काही नव्हतं?

निवृत्त मास्तर, फोंडा
होतं की. तिथे कोर्तिश नावाची सभा होती, आणि नव्या करांसाठी राजाला तिच्याकडे यावं लागे. पण ब्राझीलचं सोनं येऊ लागलं आणि राजाची ती गरज संपत गेली. १६९७-९८ मध्ये भरलेली कोर्तिश शेवटची ठरली, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं बोलावलीच नाही. १८२०च्या क्रांतीनंतर ती नव्या रूपात उभी राहिली, आणि गोव्यातून बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा वगैरे प्रतिनिधी निवडले गेले ते त्यानंतर, १८२२ साली.