'डायब्लो' या कॉम्प्युटर खेळातली भुयारं दर डावाला बदलतात, म्हणूनच तो अजून खेळावासा वाटतो. पटतंय का?

शहापूरकर
१९९६ च्या अखेरीस आलेला पहिला 'डायब्लो' मी अजून खेळतो. ट्रिस्ट्रम गाव तेच, लोहार ग्रिसवोल्ड तोच, गोष्टही तीच. पण चर्चच्या दारातून खाली उतरलं की सोळा मजले नव्या डावात नव्याने रचलेले असतात. खोल्या, दारं, जिने, राक्षस, पेटीतला माल, सगळं वेगळं. क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कामगिऱ्या, त्यासुद्धा सगळ्या एका डावात येत नाहीत. एका डावात दुसऱ्या मजल्यावर बुचर नावाचा राक्षस अंगावर येतो, दुसऱ्या डावात तो नसतोच. हाताने घडवलेल्या खेळाचा नकाशा एकदा पाठ झाला की उरतं काय? आपल्या गल्लीतली पोरं दिवाळीत किल्ला करतात, तसं आहे हे. माती तीच, मावळे गेल्या वर्षीचेच, किल्ला मात्र नवा.

निपाणीची
दादा, किल्ल्याचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. पोरं फासे टाकून किल्ला करत नाहीत. यंदा राजगड ठरला की सुवेळा माची कुठे, संजीवनी कुठे, बालेकिल्ला किती उंच, यावर दोन दिवस भांडतात. प्रत्येक बुरुजामागे कुणाचा तरी विचार असतो. 'डायब्लो'त लोकांच्या लक्षात काय राहिलं? बुचरची रक्ताने माखलेली खोली आणि लिओरिक राजाची कबर. दोन्ही माणसांनी आखलेल्या. सातव्या मजल्यावरची एक तरी खोली आठवून सांगा.

शहापूरकर
खोली नाही, प्रसंग आठवतात. गुहांमध्ये लांबून ॲसिड थुंकणारी जनावरं, अंगाभोवती हातभर उजेड, आणि मागे वळावं तर वाट कुठली ते कळत नाही. आणि बुचरच्या खोलीचंच घ्या. ती आखलेली आहे, पण मजल्याच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे दार उघडेपर्यंत कळत नाही. तिची जागा ठरलेली असती, तर दुसऱ्या डावात कुणी घाबरलं असतं का? प्रत्येक दारावर हात ठेवताना छातीत धस्स होतं, ते त्या खोलीमुळे नाही, तिच्याभोवतीच्या अनोळखी मजल्यामुळे.

चिकोडीचा मास्तर
मूळ मुद्दा दोघांच्याही बोलण्यातून सुटतोय. ही पद्धत 'डायब्लो'ची नव्हे. १९८० चा 'रोग', मग 'मोरिया', 'नेटहॅक', 'अँगबँड' या जुन्या भुयारी खेळांतून ती आली. 'डायब्लो' घडवणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिक यांच्या डोक्यातला हा खेळसुद्धा आधी पाळीपाळीने चाल करायचा खेळ होता. त्या जुन्या खेळांत मेलात की संपलं, सगळं पहिल्यापासून. म्हणून भुयार बदलण्याला अर्थ होता. इथे मेलात तर सेव्ह लोड करायचं. वर एकाच डावात गावात जाऊन परत आलात तरी मजला तोच, मेलेले राक्षस मेलेलेच. मग बदलतं काय? फक्त नवा डाव मांडला तर.

खानापूरचा
व्हय की सर, पण आमच्याकडं पावसाळ्यात करंट कधी जाईल ह्याचा नेम नाही. सेव्ह नसतं तर चौथ्या मजल्याच्या खाली मी कधी उतरलोच नसतो. मेलो की कॅरेक्टर सोडायचं, हा नियम माझा मी पाळतो. खेळानं जबरदस्ती कशाला करायची? आणि मजला तोच राहतो ते बरंच आहे. अर्धा साफ केलेला मजला, टाउन पोर्टल, म्हणजे थेट गावात नेणारं जादूचं दार, टाकून गावात जायचं, माल विकायचा, औषधाच्या बाटल्या घेऊन परत तिथंच उभं राहायचं. त्यात ओळख होते त्या जागेची.

तरी रँडम म्हणजे चांगलंच, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षीचा 'डॅगरफॉल' बघा. तयार ठोकळे एकमेकांना जोडून केलेली अवाढव्य भुयारं, आणि त्यात एक वस्तू शोधायची. वर, खाली, पाण्याखाली. नकाशा उघडला तर गुंता. पुढं चाहत्यांनी 'डॅगरफॉल युनिटी' केला, त्यात भुयारं लहान करायची सोय मुद्दाम द्यावी लागली. 'डायब्लो'चा मजला रात्री जेवण झाल्यावर बसलं तर झोपायच्या आत साफ होतो. मोठेपणा त्या मापात आहे.

निपाणीची
माप ठरवलं कुणी? माणसांनीच ना?

शहापूरकर
माणसांनीच, आणि फार मन लावून. चर्च, कॅटाकोंब (जमिनीखालचं दफनघर), गुहा, नरक, प्रत्येकी चार मजले आणि प्रत्येकाची रचण्याची रीत वेगळी. चर्चमध्ये सरळ भिंती, खांब, दारांच्या खोल्या. म्हणून तिथं दारात उभं राहायचं, एका वेळी एकच अंगावर येतो. गुहांत वाटा वेड्यावाकड्या, दारं जवळजवळ नाहीतच, ती युक्ती तिथं मोडते. नरकात तर मजल्याचा एक चतुर्थांश भाग रचतात आणि तोच आरशासारखा उलटवून चारही बाजूंना लावतात. एक बाजू नीट पाहिली की समोरच्या बाजूचा अंदाज येतो. नियम बांधून दिलेत, नशिबाला त्याच्या आत मोकळं सोडलंय. याला मी कारागिरीच म्हणतो.

चिकोडीचा मास्तर
नरकाचं निरीक्षण चांगलं आहे. पण मरणाची भीती नसेल तर त्या अंदाजाची गरज कुणाला?

खानापूरचा
सर, एकदा सेव्ह न करता उतरून बघा की. आजच्या लॅपटॉपवर 'डेव्हिल्यूशनएक्स' ह्या चाहत्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधून बरा चालतो, फक्त मूळ खेळाची डेटा फाईल लागते. मी परवाच मांत्रिक घेऊन नवा डाव मांडलाय, पाचव्या मजल्यावर हाय.

निपाणीची
नियम बांधणाऱ्यांचं कौतुक मलाही आहे. मग श्रेय त्यांना द्या, फाशांना कशाला? तेराव्या मजल्यापर्यंत पोचले तर तो आरसा बघेन. पण ट्रिस्ट्रममधल्या माणसांचं पुढं काय झालं, हे मला कुठलंही रँडम भुयार सांगत नाही, आणि मी खेळते ते त्यासाठी.